मोठी फाइल बंद केली तरी मशीन रांगतंय? आधी फॉरमॅट मारू नका

कृष्णाकाठ:
सांगली-मिरजेच्या डिझायनरांच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरली: "मोठी फाइल उघडली की मशीन स्लो होतं, म्हणजे रॅम भरली. रॅम क्लिनर टाका, पेजफाइल बंद करा, दर महिन्याला फॉरमॅट मारा." (पेजफाइल म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती राखीव फाइल.) तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. गणपतीच्या कामांत कुणी ते ऐकलं तर भर गर्दीत मशीन बसेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोठी फाइल कॉपी केली की विंडोज तिचा डेटा मोकळ्या रॅममध्ये ठेवून घेतं. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर तो 'कॅश्ड' म्हणून दिसतो आणि दुसऱ्या प्रोग्रामला जागा लागली की लगेच सोडला जातो. रॅम क्लिनर हा साठा फेकतोच, शिवाय चालू प्रोग्रामचा डेटाही डिस्कवर ढकलतो. मग तेच सगळं पुन्हा डिस्कवरून वाचावं लागतं. त्याच पानावर 'कमिटेड', म्हणजे प्रोग्रामांना कबूल केलेली मेमरी, बघा. डावा आकडा उजव्याला टेकत आला तर टंचाई खरी. उजवा आकडा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. पेजफाइल बंद केलीत तर तोच खाली येतो आणि फोटोशॉप ऐन सेव्हला कोसळू शकतं.

फोटोशॉप फाइल बंद केल्यावरही घेतलेली रॅम धरून ठेवतं, त्याची रचनाच तशी आहे. एडिट मेनूतून पर्ज ऑल करा, किंवा सरळ फोटोशॉप बंद करून उघडा. प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्स पानावर फोटोशॉपचा मेमरी वापर मुळात ७० टक्क्यांवर असतो. १६ जीबीच्या मशीनवर कोरलड्रॉ आणि क्रोमही उघडे असतील तर ६० वर आणा. हिस्टरी स्टेट्स (मागे जायच्या पायऱ्या) ५० असतात, २० पुरतात.

हरभटरोडवाला:
पुस्तकी ज्ञान झालं. फॉरमॅट मारलं की मशीन पळतं, हे रिपेअरिंगच्या कुठल्याही दुकानात बघायला मिळतं. गिऱ्हाइकाला उद्या सकाळी मशीन हवं असतं, त्याला पेजफाइलचं व्याख्यान नको असतं.

कृष्णाकाठ:
पळतं, पण का पळतं ते सांगा ना. स्वस्त एसएसडी (चिपवाली डिस्क) मोकळ्या जागेचा काही भाग वेगवान कॅश म्हणून वापरते, तिथे एका सेलमध्ये (साठवणीच्या कप्प्यात) एकच बिट लिहिते. ४०-५० जीबीची लग्नाची फुटेज एकदम ओतली की ती कॅश भरते आणि मग थेट तीन-चार बिटवाल्या सेलमध्ये लिहावं लागतं. चार बिटवाली एसएसडी तर तेव्हा हार्ड डिस्कच्याही मागे पडू शकते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि लिहिण्याचा वेग मात्र मरतुकडा दिसला, की हाच संशय घ्यायचा. मशीन थोडा वेळ नुसतं चालू ठेवलं तर एसएसडी मागे आवराआवर करते आणि वेग परत येतो.

सी ड्राइव्ह ९० टक्के भरला की ही कॅश आकसते. फॉरमॅटने ड्राइव्ह रिकामा होतो, म्हणून पळतो. महिन्याभरात पुन्हा भरतो, पुन्हा रडगाणं. त्याऐवजी २० टक्के जागा मोकळी ठेवा. फोटोशॉप क्रॅश झालं की 'फोटोशॉप टेम्प' नावाच्या अवाढव्य फाइली टेम्प फोल्डरमध्ये पडून राहू शकतात. फोटोशॉप बंद असताना त्या उडवा, मग विंडोजचं 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' चालवा.

मिरजेचा तंबोरा:
सगळं एसएसडीवर चाललंय. कित्येक स्टुडिओंत डेटा अजून हार्ड डिस्कवरच असतो. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचता न आलेल्या जागा) ही सी५ ची ओळ बघा. तिथली 'रॉ व्हॅल्यू' शून्य नसेल तर डिस्क खराब जागेवर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते आणि मशीन गोठतं. तिथे फॉरमॅटही नको नि ऑप्टिमाइझही नको. आधी डेटा दुसरीकडे हलवा. आणि खिशातल्या एक्स्टर्नल डिस्कला फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (तात्पुरता डेटा ठेवायची जागा) कुणीही करू नका.

पिक्सेलकाकू:
तुम्ही सगळे डिस्कमागे लागलात, पण फाइल मुळात एवढी मोठी का होते? १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) करतात म्हणून! हिशोब करा. ७२ ला ८,६४० बाय १७,२८० पिक्सेल, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत) सपाट, म्हणजे सगळे लेयर एक केलेली, फाइल सुमारे ६०० एमबी. ३०० ला ३६,००० बाय ७२,०००, म्हणजे १० जीबीच्या वर. लेयर वेगळेच. पीएसडी (फोटोशॉपची नेहमीची फाइल) २ जीबीपलीकडे सेव्ह होत नाही आणि जेपीजीची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलच्या पुढे जात नाही. म्हणजे ही फाइल प्रिंटरकडे धाडतानाही रडवणार.

हरभटरोडवाला:
काकू, ७२ ला चेहरे फाटतात. पुढाऱ्याचा फोटो फाटला तर शिव्या डिझायनरने खायच्या. तुम्ही येणार आहात का समजूत काढायला?

पिक्सेलकाकू:
चेहरा फाटतो तो व्हॉट्सॲपवरून आलेला दाबलेला फोटो ताणल्यामुळे. ३०० डीपीआय लिहिल्याने त्यात नसलेले पिक्सेल येत नाहीत! साधारण नजर १० फुटांवरून इंचाला जेमतेम ३० ठिपके वेगळे ओळखते, २० फुटांवरून १५. ३०० चा आकडा हातभर अंतरावर धरायच्या लग्नपत्रिकेचा आहे. स्टेशन चौकातला फ्लेक्स कुणी नाकाला लावून वाचत नाही.

मिरजेचा तंबोरा:
काकूंचं फ्लेक्सपुरतं बरोबर, पण हे सगळ्यांना लावू नका. १२ बाय ३६ इंचांच्या अल्बमला ३०० च हवेत. तिथे एक शीट आरजीबीत (तीन रंगांत) सपाट १२० एमबीच्या आतच असते. मशीन मरतं ते तीस शीट एकदम उघडी ठेवल्याने. आणि दारातला स्टँडी (उभा फलक) लोक दोन-तीन फुटांवरून वाचतात, त्याला १५० द्या.

पिक्सेलकाकू:
स्टँडीचं मान्य. होर्डिंगचं नाही. आणि बारीक अक्षरं कोरलमध्येच ठेवा, फोटोशॉपमध्ये पिक्सेल करू नका.

हरभटरोडवाला:
बरं, फॉरमॅट म्हणजे जागा मोकळी करायचा महागडा मार्ग, एवढं मानतो. पण उष्णतेबद्दल एकानेही तोंड उघडलेलं नाही. एप्रिल-मेची सांगली, काचेची बंद केबिन, फ्लेक्स मशीनची धूळ. लॅपटॉप अर्धा तास एक्सपोर्ट करतो, प्रोसेसर ९५ अंशांना जातो आणि स्वतःचा वेग तोडतो. लोकांना वाटतं फाइलने मारलं. एक्सपोर्ट चालू असताना टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर 'स्पीड' हा 'बेस स्पीड'च्या खाली गेलेला दिसला, की आधी पंखा आणि जाळी साफ करा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला. तिथे नवी रॅम टाकून पैसे घालवू नका.

कृष्णाकाठ:
हे माझ्याकडून राहिलं, दादा, आणि ते महत्त्वाचं आहे. मग क्रम असा: मशीन मंद असतानाच टास्क मॅनेजर उघडा, रीस्टार्ट करून नंतर नाही. कमिटेड, डिस्क आणि सीपीयू स्पीड, तिन्ही आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो घेऊनच दुकानात जा.

हरभटरोडवाला:
फोटो आणा, मी फॉरमॅट आधी सुचवणार नाही. पण बॅकअप घेऊन या. सी५ ची डिस्क काउंटरवर बंद पडली तर भांडायला येऊ नका.