बाप विचारतो, माल कुठे आहे? सर्व्हिसची निर्यात खरंच निर्यात असते का?

केळीपट्ट्यातला_पोरगा:
नमस्कार मंडळी. मी सावद्याचा, सिव्हिल केलंय, पुण्यात चार वर्षं नोकरी केली, लॉकडाऊनमधे घरी आलो तो परत गेलोच नाही. आता घरूनच ऑस्ट्रेलियातल्या एका बिल्डरसाठी स्टीलची ड्रॉइंग काढतो, सोबत गावातले दोन मित्र आहेत. पहाटे 5 ला बसावं लागतं कारण तिकडे तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, त्यांच्या उन्हाळ्यात तर साडेदहा. मागच्या आठवड्यात पेमेंट आलं तर बँकेतला माणूस म्हणे निर्यात आहे ना मग शिपिंग बिल आणा, म्हणजे माल बाहेर जाताना कस्टममधे भरतात तो कागद. अरे ड्रॉइंग ईमेलने गेलं, शिपिंग बिल कुठून आणू?
घरी येऊन सांगितलं तर आबा हसायलाच लागले. त्यांची केळी आखातात जाते. म्हणे "माल कुठी हाये रे तुहा? आमचं खोकं भरतं, कंटेनर न्हावाशेवाले जातो, जहाजात चढतो, त्याले म्हनतात एक्सपोर्ट." आणि इन्व्हर्टरला पैसे मागितले तर ते पण नाही म्हटले, लाइट गेली की माझं काम ठप्प हे त्यांना पटतच नाही. तर मला नीट सांगा, हे खरंच निर्यातीत मोजतात का, आणि पेपरमधे सारखं येतं की सर्व्हिसचा व्यापार वाढला वाढला, तो नक्की कशाने वाढला?

मास्तर_भुसावळ:
मोजतात रे भाऊ, चांगलं ठणकावून मोजतात. 1995 ला जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा मालासारखाच सेवांसाठी पण एक करार झाला, त्याला गॅट्स म्हणतात. त्यात सेवा देशाबाहेर जायच्या चार वाटा धरल्यात. पहिली तुझी, माणूस इथेच बसतो आणि काम तारेतून जातं. दुसरी म्हणजे गिऱ्हाईकच आपल्याकडे येतं. आपल्या जळगाव स्टेशनवर गोरे लोक अजिंठ्यासाठी उतरतात ना, ते टॅक्सी करतात, हॉटेलात राहतात, शेवभाजी खाऊन घाम पुसतात, ती सगळी भारताची निर्यात. टॅक्सीवाल्याला माहीत पण नसतं की तो एक्सपोर्टर आहे. आणि आपली पोरं एमबीबीएसला परदेशात जातात ती उलटी, ती आपली आयात. तिसरी वाट म्हणजे कंपनीच दुसऱ्या देशात जाऊन दुकान मांडते, उदाहरणार्थ परदेशी बँकेची मुंबईतली शाखा. जगातल्या सेवा व्यापाराचा निम्म्याहून जास्त भाग या वाटेने जातो पण तो निर्यातीच्या नेहमीच्या आकड्यात दिसत नाही म्हणून लोक विसरतात. चौथी, तुला तो बिल्डर दोन महिने तिकडे साइटवर बोलवेल ती.
एक घोळ मात्र करू नको. दुबईत कायमचा नोकरीला असलेला चुलतभाऊ घरी पैसे पाठवतो ती सेवांची निर्यात नाही, ते रेमिटन्स, त्याचा खाना वेगळा.
आता आकडे. भारताची सेवा निर्यात 2000-01 ला साधारण 16 अब्ज डॉलर होती, 2011-12 ला 142 च्या आसपास, 2024-25 ला 387 च्या आसपास. त्याच वर्षी माल गेला 437 अब्जांचा. म्हणजे केळी, तांदूळ, औषधं, हिरे, पेट्रोल सगळं एकीकडे आणि तुझ्यासारख्यांचं काम दुसरीकडे, आणि फरक एवढासाच उरलाय. मालात आपल्याला दरवर्षी मोठी तूट येते, कच्चं तेल आणि सोनं बाहेरून आणतो म्हणून. जळगावच्या सराफ्यात सोनं चमकतं त्याचे डॉलर कुठून तरी यावे लागतात की नाही? त्यातला मोठा हिस्सा सर्व्हिसच्या शिलकेतून येतो. हे आबांना सांग, सोन्याचं लगेच कळेल.

बोरीकाठचा:
मास्तरांनी सगळं सांगितलं पण आपल्याच खान्देशातलं उदाहरण राहिलं की. 1945 च्या डिसेंबरात अमळनेरला एक वनस्पती तुपाची कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. डालडासारखं तूप आणि 787 नावाचा कपड्याचा साबण. 1966 ला मालक वारले आणि त्यांचा मुलगा अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून आला, पुढे आयबीएम भारतातून गेली तेव्हा कॉम्प्युटरमधे शिरले, मग सॉफ्टवेअर, आणि 2000 ला तीच विप्रो न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात. गावातल्या ज्या लोकांनी जुने शेअर विकले नाहीत त्यांचं काय झालं ते अमळनेरात कुणालाही विचारा, आणि ज्यांनी विकले त्यांना विचारू नका 😄 आमच्या आजोबांनी लग्नकार्यात विकले, तो विषय घरात अजून निघतो.
सांगायचं हे की तुपाचा डबा ट्रकमधे जायचा, आता त्याच नावाचा प्रोग्राम केबलमधून जातो, कंपनी तीच. तुमच्या घरात पण तेच चाललंय, बाप केळी पोरगा ड्रॉइंग.
कशाने वाढलं म्हणाल तर मला वाटतं तीन-चार गोष्टी एकावर एक बसल्या. 91 ला धोरण खुलं झालं, त्याच वर्षी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले त्यांनी सॅटेलाइटच्या लिंक दिल्या, 15 ऑगस्ट 1995 ला सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं, मग ते वाय टू के चं भूत, म्हणजे 2000 साल लागलं की जुने प्रोग्राम तारखेत गडबडतील ही भीती, त्यात अमेरिकेला इतकी माणसं लागली की मिळतील तिथून घेतली. समुद्राखालून फायबर पडली आणि भाव कोसळले. आणि 2020 ला तर गंमतच, विमानं बंद, टुरिझम मेलं, पण घरून होणारं काम वाढलं. तू त्यातलाच.

धुळ्याची_ताई:
थिअरी झाली, आता पैशाचं बोलू. बँकेतला माणूस चुकलाय. शिपिंग बिल मालाला लागतं, तुला नाही. तू इन्व्हॉइस दे, कामाचा करार किंवा ईमेल दे आणि बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले त्याचा नंबर, विचारेल तो बरोबर सांग, मग पैसे आल्याचं सर्टिफिकेट मागून घे आणि फाइलला लाव. ते सांभाळलं नाही तर पुढे रडावं लागतं, अनुभवाने सांगते.
जीएसटीत सेवेची निर्यात धरायला देणारा भारतात, घेणारा बाहेर, सेवेची जागा बाहेर आणि पैसे परकीय चलनात असं बघतात, शिवाय समोरची कंपनी म्हणजे तुझीच शाखा नको. हे जुळलं की दर शून्य. रजिस्ट्रेशन असेल तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी भरायचं, म्हणजे टॅक्स न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, ते विसरलास तर टॅक्स आधी भरून मग रिफंडच्या मागे पळायचं. वर्षाला 20 लाखांच्या आत असशील तर फक्त निर्यात करतो म्हणून रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. आणि हो, ते ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर परदेशी कंपनीकडून भाड्याने घेतलंस तर तुझी आयात झाली 🙂 त्यात रिव्हर्स चार्जचं प्रकरण आहे, म्हणजे टॅक्स विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा, सीएला नक्की विचार. आणि जीएसटी शून्य म्हणजे इन्कम टॅक्स शून्य असं कुणी सांगितलं तर त्याला वरणबट्टीच्या पंगतीतून उठव.

तापीपार:
सगळं छान पण जरा जमिनीवर या. 387 अब्जातले खान्देशात किती आले? सगळं बंगळूर, हैदराबाद, पुणे, चेन्नई. मोठ्या परदेशी कंपन्या आपली ऑफिसं भारतात काढतात, 1700 च्या वर झालीत म्हणे, पण त्यातलं चोपड्याला की शहाद्याला आलं का? आमची पोरं शिकून तिकडेच जातात. केळीचा भाव पडला तरी निदान शेतात मजुराला, पॅकिंगवाल्याला, ट्रकवाल्याला काम मिळतं. तीन पोरं एका खोलीत बसून डॉलर कमावतात त्याने गावात काय हलतं? आणि आता एआय येतंय, ड्रॉइंग तर ते आधी खाईल.

मास्तर_भुसावळ:
@तापीपार अर्धं पटतं, गर्दी शहरातच आहे. पण केळी विरुद्ध ड्रॉइंग ही मांडणीच चुकली. केळीच्या कंटेनरमधे काय काय आहे बघा ना. टिश्यूकल्चरचं रोप लॅबचं, शेताचं सर्टिफिकेट दुसऱ्याचं, 13-14 डिग्रीला खोकी ठेवणारा रीफर भाड्याचा, विमा वेगळा, आणि जहाज तर बहुतेक वेळा परदेशी कंपनीचंच. म्हणजे दुबईच्या बाजारात त्या खोक्याला जी किंमत येते त्यात केळी किती आणि सर्व्हिस किती हे एकदा कागदावर मांडा. आबा स्वतःच किती सर्व्हिस विकत घेतात ते दिसेल.

केळीपट्ट्यातला_पोरगा:
सगळ्यांचे आभार. ताई, बँकेत इन्व्हॉइस आणि करार घेऊन गेलो, साहेब दुसरे होते, दहा मिनिटांत झालं.
मास्तर तुमचं ऐकून आबांसोबत खरंच कागद घेऊन बसलो. पॅकिंग, रीफर, बंदराचा खर्च, एजंट, जहाजाचं भाडं असं लिहित गेलो, आबा शेवटी चष्मा काढून गप्प बसले. मग म्हणे "म्हंजे जहाजवाला बी तुह्यासारखाच, माल नाही अन् पैसे घेतो." मी म्हटलं हो. तर म्हणे "मंग त्याले सांग ना भाडं कमी कर."
इन्व्हर्टर हवा होता ना, तो काल आला. निम्मे पैसे त्यांनी दिले, निम्मे उधार. व्याज लावणारेत.