मदत हवी आहे: १९३०च्या आसपास छापलेल्या ओव्या डिजिटल ग्रंथालयांत शोधायच्या कशा?

रानजाई

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी रविवारी सकाळी संगणकापाशी बसते. इंटरनेटवरच्या ग्रंथालयांत ज्यांना काही शोधायचं असतं त्यांना ते शोधून देते. स्पर्धा परीक्षेची मुलं येतात, त्यांना गॅझेटिअर हवं असतं. कुणाला आपल्या गावाचं नाव जुन्या पुस्तकात बघायचं असतं, कुणाला लहानपणी वाचलेली पोथी. बहुतेकांचं काम होतं. एक काम मात्र अडलं आहे आणि ते मला मनापासून करायचं आहे, म्हणून हा धागा.

आमच्या एक वाचक आजी आहेत, वय ८६. त्यांचे वडील लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी स्वतःच्या आईकडून आणि वाडीतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि त्या कुठल्याशा मासिकात छापून आल्या. ही आजींच्या जन्माआधीची गोष्ट, म्हणजे १९४०च्या अलीकडची नाही. छापलेली पानं घरात होती, पुढे वाळवीने खाल्ली. आजींनी ती लहानपणी वाचलेली आहेत. ओव्या सांगणाऱ्या बायकांची नावं खाली दिलेली होती आणि त्यात त्यांच्या आजीचं नाव होतं, हे त्यांना पक्कं आठवतं. काही ओव्यांत राजापूरच्या गंगेचा, म्हणजे तिथल्या अधूनमधून प्रकटणाऱ्या झऱ्याचा, उल्लेख होता. मासिकाच्या नावात 'विस्तार' असा शब्द होता असं त्यांना वाटतं.

'विस्तार' म्हटल्यावर मला पहिल्यांदा 'विविधज्ञानविस्तार' आठवलं. ते १८६७ ते १९३७ चाललं, म्हणजे काळ जुळतो. त्यावरून मी इंटरनेट आर्काइव्ह आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय दोन्हीकडे शोध घेतला. 'ओव्या', 'जात्यावरच्या ओव्या', 'लोकसाहित्य', 'राजापूर', 'गंगा' हे सगळे शब्द देवनागरीत टाकून पाहिले. 'गंगा' टाकलं की काशीपासूनचं सगळं येतं, बाकीच्या शब्दांना जवळजवळ काहीच येत नाही. मासिकाचे काही खंड दिसतात, पण कुठल्या वर्षाचा कुठला ते नावावरून कळत नाही. खंड उघडून आत शोधावं तर 'काही सापडलं नाही' असं उत्तर येतं, आणि त्याच पानावर तो शब्द मला डोळ्यांनी दिसत असतो!

तर विचारायचं ते असं. जुन्या मराठी मासिकातला एखादा लेख, ज्याचं नाव आणि नेमकं साल माहीत नाही, तो शोधण्याची तुमची पद्धत काय? खंडाच्या आत शोध का लागत नाही आणि त्याला उपाय आहे का? आणि आजींकडून आणखी काय विचारून घ्यावं? मी फार प्रश्न विचारले तर त्या 'जाऊ दे गो, कशाला त्रास' म्हणून विषयच बंद करतात.

त्या बायकांपैकी बहुतेकींचं नाव आयुष्यात एकदाच छापलं गेलं असेल. ते पान जगात कुठेतरी असताना आजींना ते दिसू नये, हे मला सहन होत नाही.

सह्यकडा

ताई, पहिली गोष्ट म्हणजे शब्द त्या काळातले वापरा. आत्ताचे शुद्धलेखनाचे नियम १९६२चे. त्याआधीच्या छपाईत 'ओंव्या' असं अनुस्वारासकट असायचं. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही 'ओंवी' आहे. तसंच 'जातें', 'गाणीं', 'कोंकण', 'नांव'. गावाच्या नावातला 'पूर' आपण दीर्घ लिहितो, तेव्हा ऱ्हस्वही असायचा, म्हणून 'राजापुर' टाकून बघा. 'लोकसाहित्य' हा शब्द तर बाजूलाच ठेवा. त्या वेळी अशा लेखाला 'स्त्रीगीतें' किंवा 'बायकांचीं गाणीं' असलं काहीतरी नाव दिलं असण्याची शक्यता जास्त.

दुसरं, आर्काइव्हवरची जुनी मराठी पुस्तकं मोठ्या प्रमाणात 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'तून आलेली आहेत. त्या प्रकल्पाचं मूळ संकेतस्थळ २०१७ मध्ये बंद झालं, पण त्याआधी त्यातली पुस्तकं आर्काइव्हवर उतरवली गेली. नावं मात्र रोमन लिपीत आणि एका विचित्र पद्धतीने लिहिलेली आहेत. 'आ'साठी दोन वेळा ए, 'ई'साठी दोन वेळा आय, ट-ठ-ड असेल तर मध्येच एक अवतरणचिन्ह. 'ज्ञ' तर कधी डी-एन-वाय, कधी जी-एन-वाय, कधी जे-एन. त्यामुळे देवनागरीत शोधून यातलं काहीही हाती लागत नाही. 'विविध' एवढंच रोमनमध्ये टाकायचं, पुढे तारांकन द्यायचं आणि येईल ते चाळायचं. भाषेची चाळणी लावू नका. मराठी पुस्तकं हिंदी किंवा संस्कृत म्हणून नोंदलेली मी पाहिली आहेत.

सालाबद्दलही सावध राहा. मुखपृष्ठावर शके असतो, आणि नोंद करणाऱ्याने तोच आकडा इसवी सन म्हणून टाकलेला असू शकतो. तुमचा काळ शके १८५० ते १८६२च्या दरम्यानचा. कुणी १८५२ सालचा खंड म्हणून लावून ठेवला असेल तर तो १९३०-३१चा निघू शकतो, म्हणून असे खंडही उघडून पाहा.

ग्रंथसखा

रानजाईताई, माझी सगळी नोकरी ग्रंथालयात, त्यातही संदर्भ विभागात झाली. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

आजींना मासिकाबद्दल विचारू नका, त्यांना ते आठवणार नाही. घराबद्दल विचारा. ती पानं कुठे ठेवलेली असायची? सुटी होती की शिवलेली? आकार केवढा होता, चित्रं होती का? वडील वाचून दाखवायचे की त्या स्वतः वाचायच्या? पोस्टाने आलं तेव्हा वडील कुठल्या गावी होते? माणूस अशा गोष्टी भडाभडा सांगतो, आणि त्यातूनच आपल्याला साल मिळतं. प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या होत असत. घरात सेवापुस्तकाचा उतारा, पेन्शनचा कागद, एखादं प्रशस्तिपत्र असेल तर बघा. कुठल्या साली कुठल्या शाळेत होते हे कळलं की तुमचे दहा खंड दोनावर येतील. आणि 'कशाला त्रास' म्हणाल्या तर सांगा की हे माझं काम आहे आणि मला ते आवडतं. खरं तेच सांगायचं आहे.

'विस्तार' या शब्दावर फार विसंबू नये असं मला वाटतं. 'विविधज्ञानविस्तार' नामांकित होतं, त्यामुळे घरात त्याचं नाव इतर कारणानेही ऐकलेलं असू शकतं. त्या काळात असं लेखन 'मनोरंजन', 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका' किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक अशा अनेक ठिकाणी जाऊ शकत होतं. शिवाय ती पानं शिवलेली असतील तर तो लेख नसून छोटी पुस्तिकाही असू शकेल. पुस्तिका असेल तर रस्ता वेगळा. १८६७च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारकडे व्हायची आणि मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्या निघायच्या. त्यांत नाव, लेखक, छापखाना, पानं, किंमत, प्रती किती काढल्या हेसुद्धा असतं. आणि शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहेच. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५०. तुमचा काळ दोन्हींत मोडतो, दोन्ही बघा.

लेखच असेल तर दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली 'मराठी नियतकालिकांची सूची' हाच राजमार्ग. १८०० ते १९५० पर्यंतच्या नियतकालिकांची ती सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने काढली. लेख विषयवार लावलेले आहेत. ज्या लेखाचं नाव माहीत नाही तो शोधायला विषयवार सूचीसारखं साधन नाही. संगणकावर शब्द शोधण्याच्या नादात ती उघडायची राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. त्या माणसांनी एकेक अंक हातात घेऊन ते काम केलं आहे.

आणखी एक. मास्तरांनी स्वतःचं नाव दिलंच असेल असं धरू नका. 'एक शिक्षक' किंवा नुसती आद्याक्षरं अशी सही असू शकते.

टंकसाळ

आत शोध का लागत नाही ते सांगतो. स्कॅन केलेलं पान हे नुसतं चित्र असतं. त्यातली अक्षरं ओळखून मागे मजकुराचा थर लावावा लागतो, त्याला ओसीआर म्हणतात. आर्काइव्ह पूर्वी जे सॉफ्टवेअर वापरायचं त्याला देवनागरी वाचता येत नव्हती, त्यामुळे जुन्या खंडांमागे निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली आहेत. खंडाच्या पानावर डाउनलोडच्या यादीत 'फुल टेक्स्ट' आहे, ते उघडा. कचरा दिसला तर त्या खंडात शोध घेण्यात अर्थ नाही. आता ते टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, ते मराठी वाचतं, म्हणून नंतर चढवलेल्या पुस्तकांत शोध बऱ्यापैकी चालतो. एकाच खंडाच्या दोन प्रती असतील तर उशिरा चढवलेली घ्या.

कचरा असलेल्या खंडाला घरगुती उपाय आहे. पीडीएफ उतरवून घ्या, पाच-दहा पानांचे तुकडे करा, गूगल ड्राइव्हवर टाका आणि गूगल डॉक्सने उघडा. मराठी मजकूर चांगला निघतो. पण आख्ख्या खंडाचं असं करत बसू नका. आधी सुरुवातीची आणि शेवटची पानं काढा. बांधीव खंडात वर्षाची अनुक्रमणिका त्यांपैकी एका टोकाला असते. ती डोळ्यांनी वाचली तरी पुरे.

शोधशब्द निवडताना जोडाक्षरं टाळा. 'ओंव्या'मधला 'व्या' किंवा 'स्त्री' यांचं ओसीआर हमखास बिघडवतं. 'दळण', 'माहेर', 'सासर', 'भाऊ', 'सई' हे साधे शब्द टिकतात. ओव्यांच्या पानावर 'माहेर' नसेल असं होणारच नाही.

मिशिगनकर

हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयात अमेरिकी विद्यापीठांतली बरीच जुनी मराठी पुस्तकं आहेत. ९५ वर्षांहून जुनी असली तर ती इथून, अमेरिकेतून, पूर्ण उघडतात, भारतातून मात्र त्यातल्या बऱ्याच पुस्तकांना कुलूप दिसतं. तुम्हाला तिथे एखादा खंड दिसला आणि उघडला नाही तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी आतली अनुक्रमणिका वाचून कळवते. अगदी निःसंकोच सांगा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रंथसखाकाका, तुम्ही सांगितलं तसं घराबद्दल विचारलं आणि आजी तासभर बोलत होत्या. पानं सुटी होती, मोठ्या मासिकातून कापून घेतलेली आणि कोपऱ्यात दाभणाने ओवलेली. म्हणजे पुस्तिका नाही. वडील ती संध्याकाळी पडवीत वाचून दाखवायचे आणि चूक झाली की त्यांची आई आतून दुरुस्त करायची. पोस्टाने अंक आला तेव्हा बिऱ्हाड देवरुखला होतं. आजींच्या भावाकडे सेवापुस्तकाचा उतारा निघाला. त्यात देवरुखची नेमणूक १९३१ ते १९३४ अशी आहे. म्हणजे शके १८५३ ते १८५६!

सह्यकडा, 'ओंव्या' टाकल्याबरोबर इतर ठिकाणचे लेख दिसायला लागले, आमचा अजून नाही. रोमनमध्ये शोधून 'विस्तारा'चे आणखी खंड सापडले. त्यातल्या ज्यांची वर्षं जुळतात त्यांच्या अनुक्रमणिका टंकसाळ यांच्या पद्धतीने काढून वाचल्या, त्यांत नाही. पण या चार वर्षांतले सगळे अंक ऑनलाइन नाहीत, तेव्हा 'विस्तार' अजून पूर्ण बाद करता येत नाही. मिशिगनकरताई, १९३१चं एक काही हाथीट्रस्टवर कुलूप लावलेलं दिसलं, तुम्हाला व्यनि केला आहे.

एक पुढचा प्रश्न. मास्तर १९६१ मध्ये वारले. पानं मिळाली तर मी ती मराठी विकिस्रोतावर चढवू शकते का?

टंकसाळ

हो. आपल्याकडे कॉपीराइटचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, तो २०२१च्या अखेरीला संपला. विकिस्रोतावर मूळ पानाचं चित्र आणि मजकूर शेजारी-शेजारी राहतो, त्यामुळे जुनं शुद्धलेखन आहे तसंच ठेवा. पण शोधणाऱ्यांसाठी वर्णनात 'ओव्या', 'लोकगीते', 'राजापूर', 'देवरुख' हे आजचे शब्दही घाला, आणि ओव्या सांगणाऱ्या सगळ्या बायकांची नावं.

रानजाई

नावं नक्की घालणार.

आता शेवटचं मागणं. 'नियतकालिकांची सूची' आमच्या जवळपासच्या कुठल्याच वाचनालयात नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात कुणाचं जाणं-येणं असेल तर कृपया एवढं बघाल का: लोकगीते, स्त्रीगीते, ओव्या या विषयांखाली १९३१ ते १९३४ मधल्या नोंदी, लेखकाच्या जागी कोकणातलं आडनाव किंवा 'एक शिक्षक' किंवा नुसती आद्याक्षरं. पानाचा मोबाइलवर फोटो काढू देत नसतील तर मासिकाचं नाव, महिना आणि पृष्ठ क्रमांक हाताने उतरवून आणलेत तरी चालेल. मास्तरांचं आडनाव इथे उघड लिहीत नाही, व्यनिने कळवते.