‘एफओबी नागपूर’ असे दरपत्रकात लिहिणे बरोबर आहे का?

कळमना_तिखट यांचा प्रश्न

नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत आमचा मिरची दळण्याचा छोटा कारखाना आहे. कळमन्याच्या बाजारातून घेतलेली मिरची दळून आम्ही आजवर देशातल्या व्यापाऱ्यांनाच विकत आलो आहोत. आयात-निर्यात संकेतांक आणि मसाले मंडळाची नोंदणी ही दोन्ही कामे यंदा झाली. दुबईच्या एका खरेदीदाराला पहिले दरपत्रक पाठवताना मी भावापुढे ‘एफओबी नागपूर’ असे लिहिले, कारण आपल्याकडे ‘एफओआर नागपूर’ किंवा ‘एक्स-गोडाऊन’ लिहितात तसाच हा शब्द असेल अशी माझी समजूत होती. त्यांनी उलट विचारले आहे की, आपल्याला ‘एफसीए नागपूर’ म्हणायचे आहे की ‘एफओबी न्हावा शेवा’? शिवाय दुबईच्या जेबेल अली बंदरासाठी ‘सीआयएफ जेबेल अली’ असा वेगळा भावही मागितला आहे. या तिन्हींत नेमका फरक काय? सीआयएफ भाव दिला, तर माल जेबेल अलीला उतरेपर्यंत नुकसानीची जबाबदारी आमचीच राहते का? फॉरवर्डरच्या (माल पाठवण्याची व्यवस्था करून देणाऱ्याच्या) कोटेशनमधले ग्राउंड रेंट, डिमरेज आणि डिटेन्शन हे तीन आकार एकच आहेत की वेगवेगळे, हेही कृपया कोणी सांगावे.

वर्धारोड_निर्यातक यांचे उत्तर

आपल्या खरेदीदाराने योग्य तेच विचारले आहे. हे शब्द पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने ठरवलेल्या इन्कोटर्म्सचे, म्हणजे मालाचा खर्च आणि जोखीम कोणाकडे हे सांगणाऱ्या संज्ञांचे आहेत. सध्याची आवृत्ती 1 जानेवारी 2020 पासून लागू असून तिच्यात एकूण 11 संज्ञा आहेत. त्यांपैकी एफएएस, एफओबी, सीएफआर आणि सीआयएफ या चारच संज्ञा केवळ जलवाहतुकीसाठी आहेत. एफओबीमध्ये माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते, म्हणून तिच्यापुढे माल चढवण्याच्या बंदराचेच नाव यायला हवे. नागपुरात जहाज लागत नाही, त्यामुळे ‘एफओबी नागपूर’ या शब्दांवरून माल नेमका कोठे सुपूर्द होणार हेच ठरत नाही, आणि वाद उद्भवला की प्रत्येक पक्ष आपल्या सोयीचा अर्थ लावतो.

आपला कंटेनर नागपूरच्या आयसीडीत (बंदरापासून दूर असलेल्या कंटेनर आगारात) सील होऊन रेल्वेने न्हावा शेव्याला जाणार असेल, तर माझ्या मते एफसीए हीच सरळ संज्ञा आहे. आयसीडीत माल वाहतूकदाराच्या हवाली केला की जोखीम खरेदीदाराची होते. एफओबी न्हावा शेवा लिहिल्यास आठशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास, बंदरातला मुक्काम आणि तिथले टर्मिनल हाताळणी शुल्क हे सारे आपल्या गळ्यात राहते, आणि कंटेनर ताब्यातून गेल्यावर त्यावर आपले काहीच नियंत्रण नसते. एक्स-वर्क्सच्या, म्हणजे आपल्या कारखान्यातच माल सुपूर्द करण्याच्या मोहात मात्र पडू नये. त्यात निर्यातीची सीमाशुल्क प्रक्रिया कागदोपत्री खरेदीदाराची ठरते, आणि परदेशी खरेदीदार इथे ती करू शकत नाही.

इतवारी_ट्रेडर यांचे उत्तर

एवढा विचार कशाला? सीआयएफ लिहून द्यावे. खरेदीदार खूश होतो आणि भाडे आपण ठरवल्याने चार पैसे तिथेही सुटतात. बाजारात सर्रास हेच चालते.

बिल_ऑफ_एन्ट्री यांचे उत्तर

मी सीमाशुल्क दलालाच्या कार्यालयात कागदपत्रे पाहण्याचे काम करतो. इतवारी_ट्रेडर यांचे म्हणणे व्यवहारात दिसते खरे, पण त्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. सीआयएफमध्ये जेबेल अलीपर्यंतचे भाडे आणि विमा विक्रेता भरतो, परंतु जोखीम एफओबीप्रमाणेच माल न्हावा शेव्याला जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते. म्हणजे खर्च एका ठिकाणी संपतो आणि जोखीम दुसऱ्याच ठिकाणी. मूळ प्रश्नाचे उत्तर त्यामुळे ‘नाही’ असे आहे. मात्र चढेपर्यंतची जोखीम आपलीच असते, हे विसरू नये. विमा कराराच्या रकमेच्या किमान 110 टक्क्यांचा हवा. सीआयएफमध्ये विम्याचे सर्वांत मर्यादित संरक्षण दिले तरी चालते. 2020 च्या आवृत्तीत सीआयपीसाठी (भाडे आणि विमा विक्रेत्याने भरण्याची, कोणत्याही वाहतुकीला चालणारी संज्ञा) मात्र व्यापक संरक्षण ठरवले आहे. तिखटाच्या पोत्यांना दमटपणा लागण्याची भीती असते, तेव्हा हा फरक किरकोळ समजू नये.

भाव कोणताही दिला तरी शिपिंग बिलात एफओबी मूल्य वेगळे दाखवावे लागते. नुसते उदाहरण म्हणून घ्या: सीआयएफ 12,000 डॉलर, त्यात भाडे 1,500 आणि विमा 30 डॉलर असेल, तर एफओबी मूल्य 10,470 डॉलर होते. आयातीत हिशोब उलटा चालतो. भारतात आयात शुल्काचे मूल्य ठरवताना मालाच्या किमतीत भाडे आणि विमा मिळवला जातो. उद्या एखादे दळणयंत्र बाहेरून मागवलेत तर हे आठवेल.

नवीन निर्यातदार शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग यांची फार गल्लत करतात. शिपिंग बिल हे निर्यातदाराने सीमाशुल्क विभागाकडे केलेले घोषणापत्र असते. त्यावर ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ मिळाली की माल निर्यातीसाठी मोकळा होतो, आणि आयसीडीत हे काम नागपुरातच उरकते. बिल ऑफ लेडिंग जहाज कंपनी देते. ती मालाची पावती असते, वाहतूक कराराचा पुरावा असते आणि मालावरील हक्काचा दस्तऐवजही असते.

आता आकारांविषयी. सवलतीच्या दिवसांनंतर कंटेनर टर्मिनलमध्येच पडून राहिला तर जहाज कंपनी जो आकार लावते, तो डिमरेज. कंटेनर बाहेर नेऊन वेळेत परत दिला नाही तर लागतो तो डिटेन्शन. टर्मिनल किंवा डेपो आपल्या जागेचे भाडे वेगळे घेतो, त्याला ग्राउंड रेंट म्हणतात. एकाच विलंबात यांतले दोन आकार एकत्र लागू शकतात, म्हणून सवलतीचे दिवस किती, हे कोटेशनवर लेखी घ्यावे.

काटोल_बागाईतदार यांचे उत्तर

विषय तिखटाचा असला तरी एक भर घालतो. आमच्या भागातली संत्री ट्रकने पेट्रापोलमार्गे बांगलादेशात जातात आणि तिथल्या करारांतही मी एफओबी लिहिलेले पाहिले आहे. रस्त्याने जाणाऱ्या मालाला ही संज्ञा लागूच पडत नाही, तिथे एफसीए किंवा डीएपी (ठरलेल्या ठिकाणापर्यंत माल विक्रेत्याने पोचवणे) हवे. वर्गीकरणातही असाच घोळ होतो. नागपुरी संत्रे हे वनस्पतिशास्त्रानुसार मँडरिन आहे आणि सीमाशुल्काच्या संकेतांकात मँडरिनची उपशीर्षके ‘ऑरेंज’पासून वेगळी आहेत. आपल्या मिरची पुडीचे पहिले सहा अंक 0904 22 असावेत, तरी दलालाकडून पूर्ण आठ अंक पक्के करून घ्यावेत.

कळमना_तिखट

सर्वांचे मनापासून आभार. ‘एफसीए आयसीडी नागपूर, इन्कोटर्म्स 2020’ असे लिहून नवे दरपत्रक पाठवले. त्यांनी ते मान्य केले, पण त्यांच्या बँकेला पतपत्रासाठी (पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रासाठी) माल जहाजावर चढल्याची नोंद असलेले बिल ऑफ लेडिंग हवे आहे. एफसीएमध्ये माझे काम आयसीडीतच संपते, मग ते मी कोठून आणायचे?

बिल_ऑफ_एन्ट्री

याच अडचणीसाठी 2020 च्या आवृत्तीत सोय केली आहे. माल चढल्यावर तशी नोंद असलेले बिल विक्रेत्याला द्यावे, अशी सूचना खरेदीदार आपल्या वाहतूकदाराला देऊ शकतो. मात्र ही गोष्ट करारात आधीच लिहून घ्यावी लागते. पतपत्र उघडण्यापूर्वी ते वाक्य करारात घाला, आणि पतपत्राचा मसुदा हाती आल्यावर त्यातले ठिकाण ‘नागपूर’ आहे की ‘न्हावा शेवा’, तेवढे पुन्हा एकदा तपासा.