ध्रुवीय सफर: पक्षी आणि प्राणी टिपण्यासाठी कोणते जहाज, कोणता महिना?

दुर्बीण यांचा प्रश्न:

नमस्कार. गेली काही वर्षे मी पक्ष्यांचे छायाचित्रण करतो आहे आणि आता एकदा, बहुधा आयुष्यात एकदाच, ध्रुवीय प्रदेशात जाण्याइतकी पुंजी आणि रजा साठली आहे. समोर तीन पर्याय आहेत: अंटार्क्टिक द्वीपकल्पाची दहा-अकरा दिवसांची सफर, फॉकलंड आणि साउथ जॉर्जिया ही दक्षिण अटलांटिकमधली बेटे आणि द्वीपकल्प मिळून तीन आठवड्यांची सफर, किंवा उत्तरेकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांची दहा दिवसांची. माहितीपत्रके सगळ्यांचीच देखणी आहेत, पण सगळ्यांवर पेंग्विन नाही तर अस्वल असल्यामुळे त्यांवरून काहीच ठरत नाही. माझ्याजवळ एकच कॅमेरा आणि १५०-६०० ची झूम लेन्स आहे. जहाज निवडताना नेमके काय पाहावे, महिना कोणता धरावा, आणि ‘खास छायाचित्रकारांसाठी’ म्हणून जादा पैसे घेतात त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिमरेषा यांचे उत्तर:

आधी जहाज नव्हे, आधी प्राणी ठरवा. प्राणी ठरला की महिना ठरतो, आणि महिना ठरला की यादीतली निम्मी जहाजे आपोआप गळून पडतात.

जहाजाबाबत माझा पहिला प्रश्न एकच असतो, की प्रवासी किती. अंटार्क्टिकात पर्यटन-कंपन्यांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक प्रवासी किनाऱ्यावर असू शकत नाहीत, आणि पाचशेहून अधिक प्रवासी असलेले जहाज तर कोणालाच उतरवत नाही. याचा व्यवहारातला अर्थ मला पहिल्या सफरीत कळला. आमच्या जहाजावर सुमारे एकशे नव्वद जण होते, त्यामुळे दोन तुकड्या पाडल्या गेल्या. सकाळचे तीन तास मिळणार असे आम्ही धरून चाललो होतो, ते प्रत्यक्षात सव्वा तासावर आले. त्यातही पहिली वीस मिनिटे सुरक्षा-जॅकेट उतरवण्यात, बूट धुण्यात आणि सूचना ऐकण्यात गेली. सूर्य ढगाआडून बाहेर आला तेव्हा आमची तुकडी परतीच्या होडीत बसत होती. दुसऱ्या खेपेला शंभराच्या आतले जहाज घेतले. त्याची खोली लहान होती आणि जेवण साधे होते, पण किनाऱ्यावरचा वेळ जवळजवळ दुप्पट मिळाला.

दुसरी गोष्ट म्हणजे डेकचा नकाशा मागवून घ्या. पाण्याजवळ, खालच्या मजल्यावर, जहाजाला पूर्ण वळसा घालता येईल असा उघडा डेक आहे का, ते पाहा. सातव्या मजल्यावरून काढलेला देवमासा पाठीचा काळा ठिपका होऊन बसतो. बाल्कनीच्या खोलीवर पैसे घालवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. बाल्कनी एकाच बाजूला उघडते आणि प्राणी हमखास दुसऱ्या बाजूला उगवतात.

‘खास छायाचित्रकारांसाठी’ या शब्दांना स्वतःचे असे मोल नाही. झोडियाक होडीत, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या हवा भरलेल्या रबरी होडीत, किती जणांना बसवणार, हे विचारा. एरवी दहा-बारा जण असतात. सहा-सात असतील तर जादा पैसे वसूल झाले समजा, कारण मग दोन्ही बाजूंना लेन्स वळवायला जागा राहते आणि समोरच्याच्या टोपीचे फोटो निघत नाहीत.

सागरपाखरू यांचे उत्तर:

हिमरेषा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. फक्त पक्ष्यांसाठी जाणाऱ्याने तीन आठवड्यांच्या सफरीखेरीज दुसरा विचारच करू नये, असे मला वाटते. द्वीपकल्पावर मुख्यतः जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अॅडेली हे तीन पेंग्विन भेटतात. साउथ जॉर्जियावर सेंट अँड्र्यूज बे किंवा सॅलिसबरी प्लेन इथे उतरलात, तर राजा पेंग्विनांची वसाहत डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेली दिसते. मधूनच तपकिरी लोकर पांघरल्यासारखी थोराड पिल्ले शिट्ट्या घालत हिंडत असतात. या पेंग्विनांचे प्रजननचक्र वर्षाहून लांब असल्याने कोणत्याही महिन्यात पिल्ले असतातच.

काही जण समुद्रावरचे दिवस फुकट गेले असे समजतात आणि दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांमधली खवळलेली ड्रेक सामुद्रधुनी टाळण्यासाठी विमानाने थेट द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर उतरतात. पक्षी टिपणाऱ्याने हे करू नये. जहाजाच्या मागच्या डेकवर उभे राहिले की वँडरिंग अल्बट्रॉस, जायंट पेट्रेल आणि केप पेट्रेल हे समुद्रपक्षी वाऱ्यावर तोल सांभाळत तुमच्या डोळ्यांच्या पातळीला येतात. केप पेट्रेलच्या पंखांवरचे काळे-पांढरे ठिपके, मागे लाटेचा फेस आणि हाताला जाणवणारी इंजिनाची थरथर, असे चार-पाच तास मला तरी कमीच पडतात. मळमळीची गोळी मात्र जहाज हलू लागण्याआधी घ्यावी, नंतर नव्हे.

महिन्याबद्दल: नोव्हेंबरमध्ये बर्फ स्वच्छ असतो आणि पेंग्विन घरट्यांसाठी दगड पळवत असतात, साउथ जॉर्जियावर एलिफंट सीलचे नर अजून किनाऱ्यावर असतात. डिसेंबरअखेर ते जानेवारी हा द्वीपकल्पावर पिल्लांचा काळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे भरपूर दिसतात, पण वसाहती चिखल आणि विष्ठेने माखलेल्या असतात. वँडरिंग अल्बट्रॉस घरट्यावर पाहायचा असेल, तर साउथ जॉर्जियाजवळचे प्रायन बेट २० नोव्हेंबर ते ७ जानेवारी बंद असते, हे तारखा निवडताना विसरू नये.

अजून एक सूचना, जी माहितीपत्रकात सापडणार नाही. बर्ड फ्लू २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये साउथ जॉर्जियावर पोहोचल्यापासून काही जागा अधूनमधून बंद असतात, आणि दक्षिणेत किनाऱ्यावर बसणे, गुडघे टेकणे, आडवे होणे किंवा बॅग जमिनीवर ठेवणे यांना मनाई आहे. पोटावर झोपून पेंग्विनच्या नजरेला नजर भिडवण्याचे दिवस सध्या गेले. उघडणारी, फिरणारी स्क्रीन असलेला कॅमेरा हाताने खाली धरावा लागतो. खालच्या कोनाची सर्वांत चांगली चित्रे आता होडीतूनच मिळतात.

दुर्बीण:

दोघांचेही मनापासून आभार. झोपून चित्रे काढता येणार नाहीत, हे मला अजिबात ठाऊक नव्हते. स्वालबार्डबद्दल कोणीच बोलले नाही; ते सोडूनच द्यावे का?

हिमरेषा:

सोडू नये, पण अपेक्षा बदलून जावे. १ जानेवारी २०२५ पासून तिथले नियम कडक झाले आहेत: ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखावे लागते, संरक्षित क्षेत्रांत २०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजाला प्रवेश नाही, आणि तिथे किनाऱ्यावर ठरवून दिलेल्या जागांवरच उतरता येते. तुमच्या ६०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ३०० मीटरवरचे अस्वल चौकट भरून टाकत नाही. ते बर्फाच्या मैदानात लहानसे दिसते, आणि मला तर तेच चित्र जास्त खरे वाटते. पण जवळचा चेहराच हवा असेल तर निराशा होईल.

पक्ष्यांसाठी मात्र स्वालबार्डमधला आल्केफ्येलेटचा कडा विसरता येत नाही. उभ्या काळ्या दगडाच्या कपारीकपारीत ब्रुनिखचे गिलेमॉट हे काळे-पांढरे समुद्रपक्षी हजारोंनी खेटून बसलेले असतात, होडी कड्याखालून संथपणे जाते आणि डोक्यावरून सतत विष्ठेचा शिडकावा होत असतो, म्हणून टोपी आणि लेन्सवर आवरण हवेच. जुलैच्या उत्तरार्धात तिथली पिल्ले धड उडता येत नसतानाच कड्यावरून समुद्रात झेप घेतात. जून-जुलैत रात्रभर सूर्य असल्याने मध्यरात्रीचा तिरपा प्रकाशही मिळतो. झोप मात्र मिळत नाही.

सागरपाखरू:

सामानाविषयी थोडे. दुसरा कॅमेरा भाड्याने का होईना, घ्याच. एकावर १५०-६०० आणि दुसऱ्यावर २४-१०५ सारखी लेन्स असावी, कारण होडीत खारे तुषार उडत असताना लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर मीठ शिंपडणे. तिपाई घरी ठेवा. हलत्या होडीत तिचा उपयोग नाही. शटर १/१६०० च्या आसपास ठेवा, आणि बर्फ राखाडी येऊ नये म्हणून एक्स्पोजर एखादा स्टॉप वाढवा. जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा.

पहिल्या दिवशी मी थंडीतून थेट उबदार खोलीत शिरलो आणि बॅग उघडली, तेव्हा लेन्सच्या आतल्या काचेवरही धुके धरले. ते उतरेपर्यंत बाहेर ओर्का येऊन गेले. तेव्हापासून बॅग बंद ठेवून ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत हात लावत नाही. कार्ड हवे असेल तर ते बाहेर असतानाच काढून घेतो.

दुर्बीण:

तीन आठवड्यांच्या सफरीकडेच मन झुकले आहे, आणि नोव्हेंबरचा पूर्वार्ध धरतो, म्हणजे प्रायन बेटाची वेळ साधेल. दोन कंपन्यांना आज पत्र पाठवून प्रवासीसंख्या, एका होडीतील माणसे, डेकचा नकाशा आणि साउथ जॉर्जियावर प्रत्यक्ष किती दिवस, एवढेच विचारले आहे. एका कंपनीने तासाभरात उत्तर दिले. त्यात बाल्कनीच्या खोलीवरील सवलतीची माहिती होती, बाकी कशाचीच नव्हती.