मदत हवी आहे: टर्ब्युलन्स भिंतीच्या इतक्या जवळ का जन्मतो?

भिंतीलगतच्या टर्ब्युलंट (भोवऱ्यांनी भरलेल्या, अस्ताव्यस्त) प्रवाहाचा अभ्यास करतोय आणि एका जागी घोडं अडलंय. जाणकारांनी कृपया समजावून सांगावं.

वाय-प्लस म्हणजे घर्षणवेग (भिंतीवरच्या घर्षणातून काढलेलं वेगाचं माप) आणि श्यानता (द्रवाचा चिकटपणा) यांच्या मापाने मोजलेलं भिंतीपासूनचं अंतर, हे कळलंय. 5 च्या आत श्यानतेचं राज्य, साधारण 30 च्या पुढे लॉग लॉ (सरासरी वेग अंतराच्या लॉगॅरिदमनुसार वाढतो), त्यातला कार्मानचा स्थिरांक 0.4 च्या आसपास. इथवर ठीक.

अडचण या दोन्हींच्या मधल्या थराची, म्हणजे बफर लेयरची आहे. टर्ब्युलन्सची निर्मिती वाय-प्लस 12 च्या आसपास सर्वाधिक असते. त्यामागचं गणित मला फार आवडलं: भिंतीजवळ एकूण स्ट्रेस (द्रवाच्या थरांमधला ताण) जवळपास स्थिर, त्यातला काही श्यानतेचा, उरलेला रेनॉल्ड्स स्ट्रेस, म्हणजे वेगाच्या चढउतारांमुळे येणारा. मितिरहित रूपात निर्मिती म्हणजे या दोघांचा गुणाकार. बेरीज ठरलेली असेल तर दोघे निम्मे-निम्मे असतानाच गुणाकार सर्वात मोठा!

पण श्यानता तर भोवरे विझवते ना? मग तिचा वाटा निम्मा असतो तिथेच ते इतक्या जोमाने कसे तयार होतात? प्रत्यक्षात तिथे घडतं काय?

प्रतिसाद १
टर्ब्युलन्सला ऊर्जा मिळते ती सरासरी वेगाच्या उतारातून, म्हणजे भिंतीपासून दूर जाताना वेग ज्या झपाट्याने बदलतो त्यातून. तो उतार भिंतीवर सर्वात तीव्र असतो, पण भिंत द्रवाला वर-खाली हलू देत नाही. तिथे लंब दिशेचे चढउतार अंतराच्या वर्गाने वाढतात, समांतर दिशेचे अंतराच्या प्रमाणात, म्हणून रेनॉल्ड्स स्ट्रेस घनाने वाढतो. दूर गेलात तर हालचाल मोकळी, पण उतार मंदावलेला. दोन्ही पुरेसं मिळतं ते मधल्या पट्ट्यातच.

आता प्रत्यक्ष चित्र. प्रवाहाच्या दिशेने आडवे पडलेले भोवरे भिंतीजवळचा संथ द्रव वर उचलतात आणि वरचा वेगवान द्रव खाली ढकलतात. त्यातून संथ-वेगवान असे लांबट पट्टे पडतात. 1967 साली स्टॅनफर्डमध्ये क्लाइन आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजनच्या बुडबुड्यांनी ते दाखवले. शेजारच्या दोन संथ पट्ट्यांमधलं अंतर सरासरी 100 वॉल युनिट, म्हणजे वाय-प्लसच्याच मापात 100. पट्टे अस्थिर होऊन मोडतात आणि त्यांतून नवे भोवरे निघतात.

मूळ प्रश्नकर्ता
खूप आभार! म्हणजे चक्रच झालं. मग बाहेरचा टर्ब्युलन्स काढून टाकला तरी ते चालू राहील का?

प्रतिसाद २
हो. हिमेनेझ आणि पिनेली यांनी 1999 मध्ये संगणकावर नेमकं हेच करून पाहिलं. वाय-प्लस साधारण 60 च्या पलीकडचे चढउतार दाबून टाकले, तरी भिंतीजवळचं चक्र चालूच राहिलं.