लिंक प्रीव्ह्यूमध्ये मराठी मथळा तुटतोय, मदत हवी आहे

मंडळी, सांगलीतल्या हळद व्यापाऱ्यांसाठी फ्लटरमध्ये (गुगलचं ॲप बनवायचं साधन) ॲप करतोय, त्यात लोक बाजारभावाच्या बातम्या एकमेकांना पाठवतात आणि नुसती लांबलचक लिंक बघून कोण उघडत नाय, म्हणून खाली फोटो आणि मथळा दाखवायचाय. पेजचं एचटीएमएल ओढून ओपन ग्राफचे टॅग (पेजवाल्यानं प्रीव्ह्यूसाठी दिलेला मथळा, फोटो) वाचतो, ते नसतील तर साधा टायटल टॅग घेतो, इथपर्यंत झकास चालतंय.

अडलंय पुढं. काही साइटवर 'हळद' यायच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं येतात, कारण साइटच्या उत्तराच्या हेडरमध्ये कॅरसेट (अक्षरं कुठल्या एन्कोडिंगनं साठवलीत ते) नसला की डार्टचं (फ्लटरची भाषा) एचटीटीपी पॅकेज लॅटिन-१ धरतं, ज्यात मराठी अक्षरंच नाहीत. बॉडीबाइट्स (पेजचा कच्चा डेटा) घेऊन मराठी चालणाऱ्या युटीएफ-८ नं डिकोड केलं की मथळा नीट येतो, पण पेज खरंच दुसऱ्या एन्कोडिंगचं असलं तर तिथंच एरर. मग आधी मेटा टॅगमधला कॅरसेट शोधायचा का?

आणि हे सगळं फोनवर करायचं की सर्व्हरवर एकदाच काढून साठवायचं? मार्केट यार्डात रेंजची बोंब असते त्यामुळं मला सर्व्हर बरा वाटतो, पण कुणी मुद्दाम आतल्या नेटवर्कचा पत्ता टाकला तर सर्व्हर तोही उघडेल ना, ते कसं अडवता? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, कोड नसला तरी चालेल.