आक्षीच्या किनाऱ्यावर कॅस्पियन प्लव्हर? की ग्रेटर सँडच? फोटो बघून सांगा प्लीज

सुरूबन:
नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी आक्षीला गेलो होतो, अलिबागच्या पुढची, शिलालेखवाली आक्षी. सप्टेंबर संपत आलाय, पाऊस जरा उघडलाय आणि सँड प्लव्हर, म्हणजे वाळूवरचे चिखल्या पक्षी, परत यायला लागलेत म्हणून मुद्दाम भरतीची वेळ बघून पोचलो. पाणी चढलं तसे सगळे चिखल्या सुरूच्या बाजूला कोरड्या वाळूत येऊन बसले, दीडशेच्या आसपास असतील, बहुतेक सगळे लेसर सँड प्लव्हर (आता तिबेटन म्हणायचं ना?), मधे मधे केंटिश प्लव्हर आणि कडेला पाच-सहा सँडरलिंग.

त्या थव्यात एकच पक्षी मान ताठ करून उभा होता. बाकीचे अंग चोरून वाऱ्याकडे तोंड करून बसलेले आणि हा उंच, सडपातळ, लांब पायांचा. डोळ्यावरची पांढुरकी भुवई लांबूनसुद्धा दिसत होती, अगदी डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली. छातीवर मातकट रंगाचा पट्टा आहे आणि पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड आहे, माशाच्या खवल्यासारखी. घरी येऊन पुस्तक काढलं तर कॅस्पियन प्लव्हरच्या चित्राशी इतकं जुळलं की रात्री झोप लागली नाही. ई-बर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) कॅस्पियन म्हणून टाकलंय, तिथं लगेच 'दुर्मीळ' असा शेरा येऊन वर्णन मागितलं. त्याआधी इथं विचारतो. चार फोटो जोडलेत, साधारण साठ-सत्तर मीटरवरून काढलेत आणि ऊन चढल्यामुळे हवा थरथरत होती, त्यामुळे समजून घ्या.

माळावरचा:
भारी फोटो आहेत इतक्या लांबून. पण मला हा सोनचिखल्या वाटतोय, म्हणजे पॅसिफिक गोल्डन. ताठ उभं राहणं, लांब पाय, ठळक भुवई, मळकट छाती, सगळं त्यात बसतं. या दिवसांत सँड प्लव्हरच्या थव्यात एखादा एकटा गोल्डन असतोच आणि लांबून पिवळेपणा दिसत नाही.

खाडीकाठ:
सुरूबन, आधी एक सांगते, इतकी नीट नोंद घेऊन विचारलंत याचा आनंद झाला. वेळ लागला तरी हा पक्षी नीट सोडवूया.

गोल्डन नाही, दोन कारणांनी. पहिलं म्हणजे पाठीची पिसं. गोल्डनच्या पिसाच्या कडेला पिवळे ठिपके असतात, कातरल्यासारखे, त्यामुळे पाठ चांदण्या शिंपडल्यासारखी दिसते. तुमच्या तिसऱ्या फोटोत पिसाची कड अखंड आहे, गोल फिरलेली, ठिपके नाहीत. दुसरं कारण चौथ्या फोटोत आहे, तो तुम्ही बहुतेक सहज टाकलाय पण माझ्या दृष्टीनं तोच सगळ्यात मोलाचा. त्यात पक्ष्यानं आळस देताना पंख वर केलाय आणि खालची बाजू स्वच्छ पांढरी दिसते. गोल्डनचा पंख खालून करडा-तपकिरी असतो. याच फोटोनं ओरिएंटल प्लव्हरपण बाद होतो, कारण त्याचाही पंख खालून तपकिरी असतो.

म्हणजे राहिले कॅस्पियन आणि ग्रेटर सँड. लेसर मी सोडून देते कारण चोच त्यापेक्षा मोठी दिसतेय आणि पायही फिकट आहेत, लेसरचे बहुधा काळपट असतात.

आता खवल्यासारख्या पिसांबद्दल. ही खूण कॅस्पियनची नाही, वयाची आहे. यंदा जन्मलेल्या कुठल्याही सँड प्लव्हरच्या पिसांना या दिवसांत अशी फिकट कड असते, ताजी पिसं असतात ना. लहान पक्ष्याच्या छातीवर पिवळसर-मातकट छटा असते, चेहराही फिका असतो आणि भुवई मोठ्यांपेक्षा जास्त उठून दिसते. पुस्तकातलं चित्र एका वयाचं आणि किनाऱ्यावरचा पक्षी दुसऱ्या वयाचा असला की हमखास घोटाळा होतो.

मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. शेजारच्या लेसरच्या तुलनेत याचं धड केवढं होतं? पाय सोडा, फक्त धड. समोरून छाती दिसणारा एखादा फोटो आहे का? आणि काही खाताना बघितलंत का?

सुरूबन:
ताई खूप खूप धन्यवाद, इतकं तर पुस्तकात वाचूनही कळलं नव्हतं मला. धड मोठंच होतं, पहिल्या फोटोत डावीकडे लेसर आहे तो बघा, याच्या खांद्यापर्यंत येतो आणि अंगानंही भरीव नाहीये तितका. खाताना हो! भरती पूर्ण व्हायच्या आधी ओल्या वाळूत होता, तिथं बारक्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची रांगोळी केलेली असते ना, तिथं चार पावलं पळायचा, थांबायचा, परत पळायचा. एकदा एक खेकडा धरला, चोचीत आडवा, झटका देऊन पाय तोडला आणि मग गिळला. शेजारचे लेसर तिथंच होते पण ते बारीकसारीक काहीतरी वेचत होते.

समोरचा फोटो एक आहे पण ब्लर आहे म्हणून टाकला नव्हता. आता टाकतो.

किनाराप्रेमी:
मध्ये बोलतो, माफ करा. कॅस्पियनबद्दल थोडं, नवीन लोकांसाठी. हा कझाकस्तान-तुर्कमेनिस्तानकडच्या कोरड्या गवताळ प्रदेशात अंडी घालतो आणि हिवाळ्यात पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत जातो. नकाशावर रेघ मारली की आपला किनारा त्या वाटेच्या बराच पूर्वेला राहतो, म्हणून इकडे आला तर भरकटूनच येतो, आणि भरकटण्यात पहिल्यांदाच प्रवास करणारी पिल्लं जास्त असतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये शंका घेणं अजिबात चूक नाही. फक्त जागा बघा. आफ्रिकेतसुद्धा तो आखूड गवतात, जळालेल्या माळावर राहतो, लाटांच्या कडेला खेकडे पकडत बसणं हा त्याचा मूळ स्वभाव नाही. किनाऱ्यावर उतरतच नाही असं नाही, पण मी शोधायचा झाला तर धाविक पक्षी दिसतात तसल्या माळरानावर आधी शोधेन. पाऊस संपता संपता नांगरलेली शेतं, क्रिकेटची मैदानं, असल्या जागा.

खाडीकाठ:
सुरूबन, तुमच्या ब्लर फोटोनंच उत्तर दिलं बघा. मोठा करून बघा, छातीच्या मधोमध. दोन्ही बाजूंनी मातकट डाग आत आलेत पण मध्ये भेटत नाहीत, बोटभर पांढरी फट आहे. कॅस्पियनच्या छातीवर रुंद पट्टा असतो, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत सलग, मळकट शाल पांघरल्यासारखा. बाजूनं बघितलं की सँड प्लव्हरचा डागही पट्ट्यासारखाच वाटतो, आधीचे चारही फोटो बाजूचे होते म्हणून सगळेच फसलो असतो.

आता आकार. कॅस्पियन १८ ते २० सेंटिमीटर, लेसर साधारण तेवढाच, ग्रेटर २२ ते २५. म्हणजे कॅस्पियन लेसरशेजारी उभा केला तर पायांमुळे उंच दिसेल पण धड तेवढंच, उलट नाजूक. तुम्ही म्हणताय धड मोठं, फोटोतही तसंच दिसतंय. आणि चोच. कॅस्पियनची बारीक आणि टोकदार, आपल्या माळावरच्या पक्ष्यांसारखी किडे वेचायची. याची लांब आहे, टोकाआधी खालून किंचित फुगलेली आणि मग निमुळती. ही खेकडे फोडायची चोच आहे, तुम्ही त्याला खेकड्याचा पाय तोडताना बघितलंत ते उगीच नाही. ग्रेटरच्या चोचीत पक्ष्यागणिक बराच फरक पडतो, त्यात हे पिल्लू, म्हणून ती पुस्तकातल्याइतकी दांडगी वाटली नाही.

माझ्या मते यंदाच जन्मलेला ग्रेटर सँड प्लव्हर. मला यात शंका राहिलेली नाही.

एक विनंती, नोंद काढून टाकू नका. नाव बदला आणि पाचही फोटो ठेवा, तो ब्लर फोटोसुद्धा. आणि हो, तिबेटन बरोबर. ई-बर्डनं २०२३ मध्ये लेसर सँडचे सायबेरियन आणि तिबेटन असे दोन केले, आपल्या किनाऱ्यावर येतात ते मुख्यतः तिबेटन, म्हणजे लडाखकडे, हिमालयापलीकडे अंडी घालणारे.

माळावरचा:
पंखाखालचा रंग बघायचं डोक्यातच आलं नव्हतं, चौथा फोटो मी नुसता पुढे ढकलला. गोल्डन म्हणालो ते मागे घेतो. ताई, उडताना ग्रेटर आणि कॅस्पियन या दोघांत काय बघायचं तेही सांगाल का?

खाडीकाठ:
पंखावरची पांढरी पट्टी ग्रेटरला जास्त ठळक असते, आणि शेपटीच्या दोन्ही कडांना चांगला पांढरा असतो. कॅस्पियनची शेपटी आणि कंबर बरीचशी तपकिरीच दिसते. उडताना शक्यतो बर्स्टवर दहा-पंधरा फोटो काढा, एखादा तरी कामाचा निघतो. आणि आवाज लक्षात ठेवा, ग्रेटर हलकंसं 'ट्रर्रर्र' करतो, कॅस्पियनचा आवाज तोडल्यासारखा, जोरकस असतो.

सुरूबन:
नोंद बदलली. खरं सांगू का, सकाळी उत्तर वाचलं तेव्हा पोटात खड्डा पडला होता, दोन दिवस मनात कॅस्पियनच होता. पण मग दुपारी बसून रविवारचे सगळे फोटो परत उघडले, अडीचशेच्या वर आहेत, आणि प्रत्येक पक्ष्याची फक्त चोच आणि पायांचा रंग बघत गेलो. थव्याच्या मागच्या रांगेत अजून दोन ग्रेटर सापडले! एक मोठा, जवळजवळ हिवाळी पिसांतला, आणि एक असंच पिल्लू, झोपलेलं, चोच अर्धी पिसांत खुपसलेली. त्या दिवशी तिघं होते आणि मी एकच बघितला होता. पुढच्या रविवारी भरती अकराच्या आसपास आहे, मी जाणार आहे, कुणी येणार असेल तर सांगा, स्कोप (मोठी दुर्बीण) घेऊन आलात तर फार बरं होईल.

किनाराप्रेमी:
मी येतो. स्कोप आहे. साडेआठला सुरूच्या बनापाशी भेटू, पाणी चढायच्या आत ओल्या वाळूतले नीट बघून घेऊ.